बाईचा गाऊन कुठल्या कापडाचा? लंडन, १७५०

गेल्या वर्षी आमच्या नाटकाच्या ग्रुपने एक छोटा अंक बसवायला घेतला. लंडन, साल १७५०. एक बाई दीड महिन्याचं पोर घेऊन फाउंडलिंग हॉस्पिटलमध्ये, म्हणजे टाकलेल्या मुलांच्या आसऱ्यात येते, टेबलापाशी कारकून बसलाय, तो एक छापील फॉर्म भरतो, पोराच्या बाहीचा एक तुकडा कात्रीने कापतो, टाचणीने फॉर्मला लावतो आणि बाई रिकाम्या हाताने परत जाते. एवढंच. वेशभूषा माझ्याकडे होती, त्यामुळे माझ्यापुढचा प्रश्न एका ओळीचा, त्या बाईच्या अंगावर कापड कुठलं? उत्तराला जवळजवळ तीन महिने लागले आणि मध्ये दोनदा चुकलं, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतेय. आणि गाऊन म्हणजे आपल्याकडे घरात घालतात तो मॅक्सी डोळ्यांसमोर आणू नका, त्या काळची बाईमाणसं बाहेर जाताना घालायची तो पुढून उघडा, घेरदार पोशाख, आत वेगळा परकर, वर छातीशी टाचण्या लावून बंद केलेला.

पहिला गाऊन मी भुरा केला. जाडंभरडं कापड आणलं, चहाच्या पाण्यात उकळलं, खालची कड फाडली, कोपराला ठिगळ. सगळ्यांना आवडला. गरीब बाई म्हणजे भुरी, मळकी, एकरंगी, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की कुणी प्रश्नच विचारला नाही, मीही नाही. माझ्याकडे जी चित्रांची फाइल होती त्यात सगळे श्रीमंतांचे पोर्ट्रेट, म्युझियममधले रेशमी ड्रेस, कारण जपून ठेवले जातात ते तेच. गरिबांचा कपडा जपून ठेवायला उरतच नाही ना. आईचा गाऊन झिजला की मुलीला, मग पोराच्या अंगाला, मग पुसायला, आणि शेवटी चिंधी कागदाच्या कारखान्यात. तेव्हा युरोपात कागद बनायचा तो लिननच्या, म्हणजे जवसाच्या खोडाच्या धाग्यातून विणलेल्या कापडाच्या चिंध्यांचाच. म्हणजे गरिबांचे कपडे कुठे गेले असं विचारलं तर एक खरं उत्तर हे की ते पुस्तकांची पानं झाले.

चूक लक्षात आली ती गाऊनमुळे नाही, फॉर्ममुळे. टेबलावरचा तो छापील कागद प्रॉप म्हणून बनवायचा होता, तो नेमका कसा दिसायचा हे बघायला मी मूळ कागदांचे फोटो शोधले आणि पहिल्याच पानावर जांभळ्या-पांढऱ्या फुलांचं कापड. पुढच्या पानावर निळ्या-पांढऱ्या चौकटी. मग लाल. मग पट्टे. अडीचशे वर्षांपूर्वीचा तुकडा आणि रंग असे की काल कापला असं वाटावं, कारण ते कागद बांधलेल्या वह्यांमध्ये मिटलेले राहिले, त्यांच्यावर ऊनच पडलं नाही. मी त्या रात्री झोपायला दोन वाजवले. सकाळी भुरा गाऊन हॅंगरवर दिसला तेव्हा कळलं की हा आता चालणार नाही.

आता ही संस्था काय ते थोडक्यात. हॉस्पिटल म्हणजे इथे दवाखाना नाही, आसरा. टॉमस कोरम नावाचा जहाजावरचा कप्तान, लंडनच्या रस्त्यांवर टाकलेली पोरं बघून त्याने वर्षानुवर्षं खटपट केली, १७३९ मध्ये राजाची सनद मिळाली, आणि २५ मार्च १७४१ च्या रात्री पहिली मुलं घेतली. आईचं नाव विचारायचे नाहीत. मुलाला नवं नाव द्यायचे. पण आई पुढे कधी परत आली तर हेच तिचं मूल हे ठरवायचं कसं? म्हणून पहिल्यापासून सांगितलेलं होतं की मुलासोबत काहीतरी ओळखीची खूण ठेवा. कुणी नाणं ठेवायचं, कुणी चिठ्ठी, पण सगळ्यात जास्त ठेवलं गेलं ते कापड. कधी आईने दिलेलं, कधी कारकुनानेच मुलाच्या अंगावरच्या कपड्यातून कापलेलं. काही आया दुसरा अर्धा तुकडा स्वतःकडे ठेवायच्या, जुळवून दाखवायला.

१७४१ ते १७६० या काळात १६,२८२ मुलं आत आली आणि त्यांतली फक्त १५२ परत नेली गेली. त्या काळातले कापडाचे तुकडे साधारण ५,००० उरलेत. १८व्या शतकातल्या रोजच्या वापराच्या कापडाचा ब्रिटनमधला हा सगळ्यात मोठा साठा आहे, आणि तो कपड्यांच्या इतिहासासाठी कुणीच गोळा केलेला नाही, हे मला सारखं आठवत राहतं. जॉन स्टाइल्स या इतिहासकारांनी २०१० मध्ये लंडनच्या फाउंडलिंग म्युझियममध्ये यातल्या तुकड्यांचं प्रदर्शन मांडलं तेव्हा बाहेरच्या लोकांना हे नीट दिसलं.

फॉर्मला बिलेट म्हणतात. वर मुलाचा नंबर, तारीख, मुलगा की मुलगी, वय, आणि खाली मुलाच्या अंगावरच्या कपड्यांची छापील यादी, टोपी, आतली टोपी, कपाळपट्टी, लाळेरं, फ्रॉक, परकर, बाह्या, ब्लॅंकेट, गळ्याचं कापड, पोटाला गुंडाळायची पट्टी, लंगोट, मोजे, बूट, असं बरंच, आणि प्रत्येकापुढे कारकुनाने हाताने लिहायची जागा. बहुतेक ठिकाणी ती रिकामी असते, चार-पाच ओळींपुढेच काहीतरी लिहिलेलं. बाह्या या यादीत वेगळ्या आहेत ते महत्त्वाचं, कारण बाळाच्या बाह्या सुट्या असायच्या, बांधायच्या, आणि तुकडा पुष्कळदा तिथूनच कापलेला दिसतो. आणि बाळाचे कपडे नवीन कापड आणून थोडेच शिवायचे, मोठ्यांच्या विरलेल्या कपड्यांतून काढायचे, अगदी आपल्याकडे आजीच्या लुगड्याचं दुपटं निघतं तसं. त्यामुळे बाळाच्या बाहीवरचं फूल हे बहुतेक वेळा एखाद्या बाईच्या गाऊनवरचं फूल आहे. स्टाइल्स यांचा मुद्दा हाच आणि मला तो पटतो, त्याच्याच जोरावर बाळाच्या चार बोटांच्या तुकड्यावरून आईच्या गाऊनबद्दल बोलता येतं.

कारकुनांनी लिहिलेली कापडांची नावं वाचताना तर मी हरवूनच जायचे. कॅम्लेट, फुस्टियन, कॅलिमॅंको, लिन्सी-वूल्सी, चेरीडेरी, सूसी. लिन्सी-वूल्सी म्हणजे उभा ताणा लिननचा आणि आडवा बाणा लोकरीचा, स्वस्त आणि उबदार, परकरासाठी. सूसी हे तर आपल्या बाजूच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचं नाव, बोटीतून तिकडे गेलेलं. आणि एका मुलीच्या कागदावर लिहिलंय की कापड सगळीकडे पत्त्यांनी फुललेलं, म्हणजे खरंच पत्त्यांच्या डावातली बदाम-चौकट छापलेली. कुणीतरी बाई असल्या कापडाचा गाऊन घालून लंडनमध्ये हिंडली असणार.

तर मी दुसरा गाऊन करायला घेतला, छापील फुलांचा. दिग्दर्शिका म्हणाली, अगं गरीब बाई आहे ना ती, फुलाफुलांचं काय घालतेस तिला, लोकांना वाटेल लग्नाला चाललीय. मी तिला पानं दाखवली. ती गप्प झाली, म्हणाली ठीक आहे, कर.

रविवार पेठेतून छान सुती कापड आणलं, पांढऱ्यावर बारीक बुट्टी, ठसेकामाचं. आणि मग कायद्यापाशी अडकले.

ही गोष्ट आपल्याशी थेट जोडलेली आहे म्हणून जरा थांबून सांगते. इंग्रजीत कॅलिको म्हणतात ते कालिकतवरून, आणि चिंट्झ म्हणतात ते आपलं चीट. आजी म्हणायच्या ना चिटाचा परकर, चिटाची चोळी, तोच शब्द. १७व्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीने हिंदुस्थानातलं छापील सुती कापड तिकडे इतकं नेलं की लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांची रोजीरोटी बुडायला लागली, कारण हे कापड हलकं, धुता येणारं आणि धुतल्यावर रंग न जाणारं, तिकडे असं काही नव्हतंच. १७०० मध्ये कायदा झाला, छापील आणि रंगवलेलं हिंदुस्थानी कापड देशात वापरायला आणायचं नाही. मग तिथले लोक पांढरं कापड आणून लंडनमध्येच छापायला लागले. १७१९ मध्ये लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातले विणकर रस्त्यावर उतरले, छापील सुती कपडे घातलेल्या बायकांना गाठून त्यांच्या अंगावरचे कपडे फाडायचे, शाई टाकायचे, ॲसिडसुद्धा टाकायचे. विणकर उपाशी होते हे खरंच, पण मार खाल्ला तो रस्त्याने जाणाऱ्या बायकांनी. त्यानंतर १७२१ चा कायदा, १७२२ च्या नाताळापासून लागू, छापील सुती कापड अंगावर घालायचंच नाही, घातलं तर ५ पौंड दंड. सूट होती ती नुसत्या निळीत रंगवलेल्या कापडाला, मलमलीला, आणि फुस्टियनला, म्हणजे लिननचा ताणा आणि सुती बाणा असलेल्या कापडाला. १७३६ मध्ये आणखी एका कायद्याने स्पष्ट केलं की ताणा लिननचा आणि बाणा सुती असेल तर छापायला हरकत नाही. पूर्ण सुती छापील कापडाला परवानगी मिळाली ती १७७४ मध्ये, तीही देशात बनलेल्याला, आणि काठात तीन निळे धागे विणायची अट घालून.

म्हणजे रविवार पेठेतलं माझं शंभर टक्के सुती बुट्टीचं कापड आमच्या बाईने १७५० मध्ये लंडनच्या रस्त्यावर घातलं असतं तर तो गुन्हा होता. कायदा मोडणाऱ्या होत्याच, पण लपवून आणलेली खरी चीट महाग, ती हिच्यापर्यंत कुठून येणार. मग त्या पानांवर दिसतं ते फुलाफुलांचं कापड काय आहे? बरंचसं छापील लिनन, आणि बाकीचं ते लिननचा ताणा, सुताचा बाणावालं.

यात फक्त कायदा नाही, सूतही आहे. इंग्लंडमध्ये हाताने कातलेलं सुती सूत ताण्याचा ताण सहज सोसत नव्हतं, मागावर धागा तुटायचा, म्हणून ताण्याला लिनन. आपल्याकडच्या बायका हातानेच इतकं बारीक आणि बळकट सूत कातत होत्या की दोन्ही बाजूंनी सुती कापड हजारो वर्षं विणलं जात होतं, आणि तिकडे ते जमायला आर्कराइटचं पाण्यावर चालणारं सूतकताईचं यंत्र यावं लागलं, त्याचं पेटंट १७६९ चं. १७७४ चा कायदा त्याच्या पाठोपाठ आला हे बघितलं की सगळं जुळतं.

आता लिनन की सुती हे तुकडा बघून कळतं का, तर फोटोवरून खात्रीने नाही. हे मी खूप प्रयत्न करून सांगतेय. लिननचा धागा मध्येच जाड मध्येच बारीक असतो, गाठी दिसतात, थोडी चमक असते. सुती धागा मऊ, केसाळ, मॅट. तुकड्याच्या कापलेल्या कडेला धागे सुटलेले असतात तिथे हे बघायचं, आणि स्कॅन चांगला असेल तर ताणा आणि बाणा वेगळे दिसतातही कधीकधी. पण नक्की सांगायचं तर मायक्रोस्कोप हवा, त्यात सुती तंतू पीळ पडलेल्या चपट्या रिबिनीसारखा दिसतो आणि लिननचा तंतू बांबूसारखा, पेरं असलेला. कारकून तर नुसता डोळ्याने बघून आणि बोटाने चाचपून लिहायचा. म्हणून ज्या तुकड्याबद्दल खात्री नाही तिथे मी वहीत फक्त छापील, लिनन किंवा मिश्र एवढंच लिहीत गेले. तेवढ्यावर काम भागतं.

रंगाचं मात्र फोटोवरूनही बरंच कळतं. स्वस्त छापकामात जांभळा-पांढरा जो सारखा दिसतो त्याचं कारण मंजिष्ठ, म्हणजे मुळांतून रंग देणारी वनस्पती. एकाच मंजिष्ठाच्या कढईत, आधी तुरटी लावून छापलेलं असेल तिथे लाल येतो, लोखंडाचं पाणी लावलं असेल तिथे जांभळा, दाट लावलं तर काळा. ही विद्या मुळात आपल्याकडच्या चिटाची, युरोपवाले ती शिकले. निळा हवा तर निळीचं वेगळं काम, हिरवा हवा तर निळ्यावर परत पिवळा, म्हणजे रंग वाढला की मेहनत वाढली, भाव वाढला. एका रंगाची जांभळी बुट्टी ही म्हणून गरिबाला परवडणारी.

इथपर्यंत मी खुशीत होते. मग दुसरी चूक सापडली आणि ती पहिलीपेक्षा जास्त शिकवून गेली.

मी विचार केला की पानांपाठोपाठ पानं फुलं आणि चौकटी आणि पट्टे आहेत, तर लंडनच्या गरीब बायका सगळ्या अशाच रंगीत. पण तो तुकडा तिथे कशासाठी आहे? ओळख पटवायला. कारकुनापुढे बाळ आहे, अंगावर भुऱ्या लोकरीचं गुंडाळलेलं ब्लॅंकेट, पांढरी टोपी, पांढरं लाळेरं आणि एक फुलाची बाही. तो कात्री कुठे लावेल? बाहीलाच. पांढरा तुकडा पांढऱ्या तुकड्यासारखाच दिसतो, त्यावरून कुणाचं मूल कसं ओळखणार. म्हणजे साधं, भुरं, एकरंगी कापड त्या ढिगात कमी येणार हे उघड आहे, ते अंगावर कमी होतं म्हणून नाही, खूण म्हणून निरुपयोगी होतं म्हणून. शिवाय आईने घरून निघताना बाळाला होतं त्यातलं बरं घातलं असणार, कुठलीही आई घालेल. साठा खरा आहे पण त्याला स्वतःची एक चाळणी आहे, आणि ती चाळणी डोळ्यांपुढे ठेवली नाही तर भुऱ्याच्या चुकीतून आपण फुलांच्या चुकीत जातो. मी गेलेच होते, परकर, गाऊन, ॲप्रन सगळं छापील काढलं होतं.

मग ताळा करायला दुसरीकडे गेले. ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी कोर्टाच्या खटल्यांची छापील वृत्तं १६७४ पासूनची ऑनलाइन आहेत, फुकट, आणि कपड्यांसाठी ती सोन्याची खाण आहे, कारण तेव्हा चोऱ्या कपड्यांच्याच व्हायच्या. काय चोरलं ते एकेक नाव घेऊन, पुढे किंमत. लिननचा गाऊन, चौकटीचा ॲप्रन, लोकरी परकर, रजईसारखा टाके घातलेला परकर, शर्ट, टोप्या. किमतींवर मात्र मी भिस्त ठेवली नाही, कारण किती मालाची चोरी त्यावर शिक्षा ठरायची, फाशीपर्यंत, आणि ज्यूरी आरोपीचा जीव वाचवायला किंमत खाली आणायची. नावं खरी, आकडे जपून. त्या वृत्तांमध्ये छापील गाऊन आहेतच, पण त्याच बाईचा परकर लोकरीचा आणि ॲप्रन निळ्या-पांढऱ्या चौकटीचा, असं मिश्रण. एकच छापील चीज आणि बाकी साधं, हे चित्र मला तिथून मिळालं.

दुसरी तुलना वरच्या थरातली. बार्बरा जॉन्सन नावाच्या एका पाद्र्याच्या मुलीने १७४६ पासून आपल्या प्रत्येक ड्रेसचा तुकडा एका जुन्या वहीत लावून ठेवला, शेजारी किती यार्ड आणि किती भाव, पुढे आयुष्यभर, ती वही आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. तिथे रेशीम भरपूर. दोन्ही वह्यांमध्ये टाचलेले तुकडेच, पण तिने स्वतःसाठी लावलेत आणि इकडे दुसऱ्याने, अनोळखी बाईच्या पोरासाठी. शेजारी शेजारी उघडून बघितल्या तेव्हा मला फार लागलं ते.

शेवटी ठरलं ते असं. आत लिननचा पांढरा शिफ्ट, म्हणजे अंगालगतचा सैल सदरा, त्यावर ‘स्टेज’ (stays) म्हणतात ती कॉर्सेटसारखी ताठ काचोळी, ती गरीब बायकाही घालायच्या, त्याशिवाय गाऊन अंगावर बसतच नाही. परकर भुऱ्या लोकरीचा, माझा पहिला भुरा गाऊन उसवून त्यातूनच काढला. वर निळ्या-पांढऱ्या चौकटीचा ॲप्रन, गळ्यात पांढरा रुमाल, टोपी, आणि बाहेरून लाल लोकरीचा झगा, तो तिकडच्या साध्या बायकांमध्ये सर्रास होता. गाऊन लिनन-कॉटन मिक्सचा, पांढऱ्यावर जांभळी बुट्टी. ठसेकाम करणाऱ्या एका काकांकडे गेले, त्यांच्याकडे कोयरीचे ठसे ढीगभर, ते सगळे बाजूला ठेवायला लागले कारण कोयरी तिकडे फॅशनमध्ये आली ती बरीच नंतर, काश्मिरी शालींबरोबर. एक फांदी, दोन पानं, एक कळी असा जुना ठसा कोपऱ्यात निघाला. काका म्हणाले, ताई हा आता कुणी मागत नाही. मी म्हटलं, हाच द्या. गाऊनला पुढे हुक नाही, बटण नाही, टाचण्याच, आणि पाठीला दोन ठिकाणी कापडाचा जोड दिसतो, तो मुद्दाम ठेवला, तेव्हा कापड महाग आणि शिवणाऱ्या बाईची मेहनत स्वस्त होती, कापड वाचवायला जोड सगळेच द्यायचे.

बाळाच्या बाह्याही त्याच बुट्टीच्या. तालमीत जिने आईचं काम केलं तिने विचारलं की ही बाई परत येते का पुढे. नाटकात नाही. खऱ्या कागदांमध्ये एक आहे, १६५१६ नंबरचा मुलगा, ११ फेब्रुवारी १७६७ ला आत आला, त्याच्यासोबत चिंध्या जोडून शिवलेला एक तुकडा आणि त्यावर लाल दोऱ्याने भरलेलं हृदय, बरोबर मधोमध कापलेलं. आईने त्याला चार्ल्स म्हटलं होतं, संस्थेने नाव ठेवलं बेंजामिन ट्वर्ल. आई सारा बेंडर, १० जून १७७५ ला आली आणि आठ वर्षांच्या मुलाला घेऊन गेली. मी हे सांगितलं तर ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग तिने सीनमध्ये एकच बदल केला, कारकुनाने तुकडा कापला की उरलेल्या बाहीकडे ती बघते आणि ती काढून स्वतःच्या मुठीत घेते. संवाद नाही, काही नाही.

त्यामुळे दर प्रयोगाला एक बाही जाते. मी सहा प्रयोगांच्या बाह्या आधीच शिवून ठेवल्यात, त्या ठशाचं अजून सव्वा मीटर कापड उरलंय, आणि कापलेले तुकडे मी फेकत नाही, प्रत्येक प्रयोगाच्या तारखेनिशी त्याच छापील फॉर्मला टाचून ठेवते.